दहा अंशांखाली तीन तास

तुळसा वसावेने करारवाढीचा कागद वाचला आणि संचालक राजोपाध्यांच्या टेबलावर परत सरकवला.

"पाच वर्षं झाली साहेब. माझ्या सोळा माणसांना घरी जायचंय."

राजोपाध्ये हसले. हसतील नाही तर काय! पंधरा हजार फुटांवर बोगदा खणायला पाव भाकरीवर राबणारी माणसं त्यांना दुसरी कुठं मिळणार होती? "करार वाढवायचा अधिकार कंपनीचा," ते म्हणाले. "करार संपतो फक्त मजुराच्या मृत्यूने. कलम बारा."

तुळसाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तडक प्रयोगशाळेत गेली. डॉ. मंदाकिनी सोहोनी काचपेटीतल्या डोंगरी सरड्याचं तापमान मोजत होत्या. टोळीवर तापबदल उपचार त्यांनीच केला होता, आणि आता तुळसाच्या नजरेला नजर देताना त्यांना लाज वाटत होती.

"डॉक्टरबाई, आमच्यात काय बदललंत ते आज धड सांगा."

"साधा माणूस जेवतो त्यातलं बरंचसं अंग गरम ठेवण्यात जळतं. सरड्याच्या पोटात ती शेगडीच नाही. हवा पाच अंशांवर असली तरी तो कातळाला पोट लावून ऊन खातो आणि पस्तीस अंशांवर पोचतो. फार तापला की सावलीत सरकतो. तुमची शेगडी मी विझवली, तुळसाबाई. म्हणून तुम्ही रोज सकाळी पूर्वेच्या कातळावर बसता."

"आणि नाही बसलो तर?"

"थंड पडाल. नाडी लागणार नाही. पण गोठला नाहीत, तर ऊन मिळताच उठाल."

"मग मनगटावरची ही तापपट्टी मेलेला माणूस कसा ओळखते?"

सोहोनी थबकल्या. "दहा अंशांखाली तीन तास. मग मृत्यूची नोंद थेट सरकारदरबारी. नियम उपचाराच्या आधीचा. वकिलांना तो बदलायचं सुचलंच नाही. रात्री खोल्या पंधरा अंशांवर असतात, त्यामुळे कधी वेळ आली नाही." त्यांचा आवाज उतरला. "पण शून्याखाली गेलात तर खरंच मराल."

"सावलीत किती असतं?"

"सध्या चार."

"चार पुष्कळ झाले," तुळसा म्हणाली. भीती तिलाही वाटत होतीच; पण आणखी पाच वर्षांची भीती त्याहून मोठी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी पूर्वेला गेलीच नाही. पश्चिमेच्या कड्याखाली दोन वाजेपर्यंत ऊन येत नाही. सतराही जण तिथं ओळीने आडवे झाले. सोहोनी तापमापक घेऊन राखणीला बसल्या.

बाराच्या सुमारास राजोपाध्यांच्या पडद्यावर सतरा मृत्यू उमटले. ते धापा टाकत कड्यापाशी आले आणि तुळसाचा खांदा हलवू लागले. तो दगडासारखा गार होता.

"हात लावू नका," सोहोनी म्हणाल्या.

दोन वाजता ऊन आलं. तास उलटल्यावर तुळसाची बोटं हलली, मग डोळे उघडले. हळूहळू सगळे उठून बसले. सोहोनींनी पुन्हा पुन्हा माणसं मोजली, आणि सतरा भरल्यावर त्या रडल्या.

"झालं नाटक? चला बोगद्यात," राजोपाध्ये ओरडले.

"कोणाला सांगताय?" तुळसाने विचारलं. "तुळसा वसावे बाराला वारली. तुमच्याच पट्टीने कळवलंय."

"मी नोंद रद्द करून घेईन. जिवंत ठरवीन तुम्हाला."

"खुशाल ठरवा," तुळसाने पट्टी काढून त्यांच्या हातात दिली. "जुना करार आमच्याबरोबर मेला. जिवंत माणसाला कामावर घ्यायचं तर नवा करार लागतो साहेब, आणि त्यावर सही आमची लागते."

मग ती माणसांना घेऊन उन्हाच्या बाजूने डोंगर उतरू लागली.