आधी गार पाणी

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर राहू द्या. माझ्या चुलत बहिणीला, नोबुएला, अजून पटलेली नाही, आणि घडली तिच्याच घरी. हाचिओजीत. सुरुवात गेल्या फेब्रुवारीत झाली, रविवारी भरदुपारी.

तिच्या सासूबाईंना सुवाच्या तळ्याकाठी, गरम झऱ्यात एकदा डुंबायचं होतं. हाचिओजीहून थेट गाडी जाते. पण नोबुएचा नवरा सेइजी भलताच आज्ञाधारक. आईला कधी ‘नाही’ म्हणाला नाही.

‘पुढच्या वर्षी’ म्हणायचा.

सासूबाई थांबल्या नाहीत. अंत्यविधीवाल्यांनी विचारलं, आंघोळ घालायची ना? सेइजी म्हणाला, “कशाला उगाच? पुसून घ्या.”

एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी उरकले आणि त्यानं सुवाच्या झऱ्याकाठच्या लॉजमध्ये खोली ठरवली. दोघांसाठी, एका रात्रीपुरती.

“अहो, लोक काय म्हणतील?”

“दमलोय मी. गाडीचं बघ.”

नोबुए संत्रं सोलत वेळापत्रक बघत होती, तेवढ्यात फोन वाजला. तिथल्या मालकीणबाई.

“बाई, तुमच्या सासूबाई आधीच येऊन पोचल्यात...”

नोबुएच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं.

“खिडकीशी बसल्यात. टबात आधी गार पाणी भरा, मग गरम ओता म्हणतात. माफ करा हं, पण... तसं पाणी आम्ही जित्या माणसासाठी काढत नाही.”

शेजारी कान देऊन बसलेल्या सेइजीनं फोन हिसकावला. “थट्टा करता? खोली रद्द करा!”

“बरं. त्या म्हणाल्याच होत्या... मुलगा पुढच्या वर्षी येईल.”

मागे पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

ते गेले नाहीत. सुवाचं नाव घरात निघालं नाही.

हा फेब्रुवारी लागला, आणि पुन्हा सुवाहून त्याच बाईंचा फोन आला. सेइजीनंच उचलला.

“साहेब, तुमच्या नावानं खोली ठरलीय. एकाची. पाणी कसं काढायचं तेही सांगून ठेवलंय...”

“नाही!” सेइजी ओरडला. जन्मात पहिल्यांदा.

पलीकडे कुणी नव्हतं.

काल संध्याकाळी मी नोबुएशी फोनवर बोलत होते. मधेच मागे पाण्याचा आवाज सुरू झाला. तिच्या न्हाणीघरात नळ वाहत होता.

“सेइजी आंघोळीला गेलेत का गं?”

“नाही. कामावरून यायचेत अजून.”

दार सरकल्याचा आवाज. ती फोन घेऊनच आत गेली.

“टब अर्धा भरलाय,” ती म्हणाली. “गार आहे.”

नळ बंद झाला.

“तू केलास ना बंद?” मी विचारलं.

“मी नळाला हातही लावला नाही.” मग दुसरा नळ सुरू झाला...