गुळाला चटावलेलं विरजण

गूळ चोरीला जातोय याबद्दल सांडपाणी प्रकल्पाची तंत्रज्ञ रेवती मौले हिला तिळमात्र शंका नव्हती. टाकीवर काम करणारे गायखेकाका एकटेच आहेत की आणखी कुणी सामील आहे, एवढंच शोधायचं बाकी होतं.

दिंडोरीजवळच्या त्या वायनरीत सांडपाणी शुद्ध करायचं काम ‘शहाणं विरजण’ करायचं. म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेले, अनुभवातून शिकणारे जिवाणू. द्राक्षं गाळायच्या हंगामात टाक्या धुतलेलं आंबूस-गोड पाणी आलं, की विरजण त्यातली घाण फस्त करायचं आणि गुठळ्या होऊन तळाशी बसायचं. वर नितळ पाणी उरायचं. यंदा धरण आटलं, म्हणून तेच पाणी पुन्हा गाळून गावाच्या नळांना सोडलं होतं. गाळणीतून एकही जिवाणू सुटत नाही, अशी खात्री रेवतीनं सहीनिशी दिली होती.

हंगाम संपला की विरजणाची उपासमार होते, म्हणून टाकीत गूळ टाकायची तिथली रीत. पण हल्ली पाणी सारखं गढूळ व्हायचं. काका झाकण उघडून ढेप टाकायचे, की लगेच निवळायचं. असा किती गूळ खाणार हे विरजण?

“काका, जास्तीचा गूळ मिळावा म्हणून पाणी तुम्हीच गढूळ करता ना?”

“ताई, गूळ चोरून मला काय या वयात मिठाईचं दुकान टाकायचंय?” काका भडकले. “आज तुम्हीच उघडा झाकण.”

तिनं उघडलं. गूळ टाकलाच नाही. ऊन आत पडलं आणि बघता बघता पाणी निवळलं. झाकण लावलं, तर काचेच्या झरोक्यातून पुन्हा गढूळ दिसू लागलं.

रेवती चरकली. “उजेड आला की गूळ येतो, हे त्याला कळलंय. आणि पाणी गढूळ केलं की झाकण उघडतं, हेही. काका, यानं तुम्हाला कामाला लावलंय.”

“म्हणजे चोर मी नाही. तसं म्हणा की एकदा.”

“चुकलं माझं.”

काका मात्र खूश झाले नाहीत. “आमची मंडळी म्हणत होती,” ते चाचरत म्हणाले, “माठाचं झाकण काढलं की पाणी निवळतं म्हणून. मी हसण्यावारी नेलं.”

रेवतीनं त्यांना तिथल्या तिथे घरी फोन लावायला सांगितला.

“अहो, त्यात काय एवढं?” हौसाबाई पलीकडून म्हणाल्या. “माठात चिमूटभर साखर टाकली की दिवसभर छान राहतं. सगळी आळी तेच करते.”

“पाणी पिऊन कुणाला काही त्रास?” रेवतीनं विचारलं.

“छे, त्रास कसला! नात तेवढी हल्ली उठल्यापासून गोड मागते. नाही दिलं तर पोट धरून बसते. दिलं की लगेच हसायला लागते.”

गाळणीच्या खात्रीखालची आपली सही रेवतीला आठवली. गोड नक्की कोण मागत होतं?