पाचव्या नंबरचा दिवा

स्विचला बांधलेला दोरा अजून तसाच होता. कुणी हात लावू नये म्हणून मॅनेजर टिपणीसांनी मशीनपुढे दोन खुर्च्या आडव्या घातल्या होत्या.

"हा पुरावा," ते हारूनला म्हणाले. "कंट्रोलर ठीक आहे, एवढं लिहून द्या. दहा मिनिटांचं काम आहे."

हारून भालदारचं कर्जतला मोटर आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याआधी बारा वर्षं त्याने कल्याणच्या एका गिरणीत कंट्रोल पॅनेलवर काढली होती. कुंभिवलीजवळच्या या पुठ्ठ्याच्या कारखान्यातलं कटिंग मशीन परदेशात वापरून टाकलेलं, स्वस्तात आणलेलं. मशीन चालू-बंद करणारी त्याची कंट्रोलरची पेटीही तेरा-चौदा वर्षांची. १९८७ साली असल्या पेटीत हात घालणारा माणूस त्या भागात दुसरा नव्हता.

अकरा दिवसांपूर्वी मैना या कामगार बाईची उजव्या हाताची चार बोटं पात्याखाली गेली होती. पात्यापुढे जाळीचं दार होतं. दार उघडलं की स्विच सुटायचा, कंट्रोलरला ते कळायचं आणि तो मशीन थांबवायचा. त्या दिवशी मशीन थांबलं नाही. नंतर स्विचला दोरा सापडला. काम झटपट उरकावं, दार उघडलं तरी मशीन चालू राहावं म्हणून मैनानेच स्विच बांधून ठेवला, असं कारखान्याने ठरवलं. तसा कागद टाइप होऊन आला होता. दुपारी तिचा अंगठा घेऊन तिला कामावरून कमी करायचं होतं.

कंट्रोलरचं पॅनेल उघडून दिलं ते सखाने. तो इथला वायरमन आणि मैनाचा नवरा. इस्पितळात त्याने बायकोला स्वतःच्या हाताने भरवलं, असं सगळा कारखाना सांगत होता. आता तो खाली मान घालून बाजूला उभा राहिला.

पॅनेलमध्ये चार इनपुट कार्डं होती. बाहेरच्या स्विचांच्या वायरी या कार्डांवर यायच्या. प्रत्येक वायरीसाठी एक लहान लाल दिवा. दाराचा स्विच चौथ्या कार्डावर पाचव्या नंबरला होता.

हारूनने दार उघडलं. स्विच बांधलेला, त्यामुळे दिवा पेटलेलाच राहिला. त्याने दोरा सोडवून खिशात ठेवला आणि पुन्हा दार उघडलं. दिवा विझला.

"झालं समाधान?" टिपणीसांनी विचारलं.

हारूनने पेन काढलं होतं. ते त्याने परत खिशाला लावलं. मशीनवर सगळीकडे पुठ्ठ्याची भुकटी बोटभर साचलेली होती, स्विचवरसुद्धा. दोरा मात्र कोरा होता. शिवाय हाताला तो जरा चिकट लागत होता.

त्याने मैनाच्या जोडीला काम करणाऱ्या धोंडूबाईला बोलावलं.

"तुकडा अडकला की तुम्ही काय करता?"

"दार उगडतो. मशीन थांबतं. तुकडा काढतो. तीन वर्सं तसंच चाललंय."

"त्या दिवशी किती वेळा अडकला?"

"तो पयलाच."

"दोरा कधी पाहिलात?"

"साहेबांनी दाखवला तवा. आमच्याकडं सुतळी असते, गठ्ठे बांधायला. असला दोरा नाय."

अपघातानंतर कोण कुठे होतं, तेही तिने सांगितलं. मैनाला उचलून सगळे फाटकातल्या टेंपोकडे धावले. सखा तेवढा मशीन बंद करायला मागे राहिला आणि मग पळत येऊन टेंपोत चढला.

हारूनने मशीनचं नोंदीचं पुस्तक मागितलं. अपघाताच्या आधी लागोपाठ दोन दिवस एकच नोंद होती: मोजणी अडकते, मशीन थांबते. अपघाताच्या दिवशी ती नव्हती. दुरुस्तीची नोंदही कुठे नव्हती. कापलेल्या पुठ्ठ्यांच्या मोजणीची वायर दुसऱ्या कार्डावर होती, तीसुद्धा पाचव्याच नंबरला.

पॅनेलच्या किल्ल्या किती, हे त्याने टिपणीसांना विचारलं. दोन, ते म्हणाले. एक माझ्याकडे, एक सखाकडे.

एवढ्यात मैना आली. अंगठ्यासाठी बोलावलेली. बांधलेला हात पदराखाली घेऊन ती दाराजवळच्या बाकावर बसली.

"मैनाबाई, दोरा तुम्ही बांधला होता?"

"बांधला असंल. समदेच म्हनतात. मला काय आठवत नाय."

हारूनने सखाला पात्याचा पट्टा उतरवायला सांगितला, म्हणजे मोटर फिरली तरी पातं हलणार नव्हतं. सखाने पाना त्याच्याच पुढे केला. अखेर पट्टा हारूननेच उतरवला. मग जाळीचं दार लावून त्याने मशीन सुरू केलं. मोटर घुमू लागली.

त्याने दार सताड उघडलं.

पाचव्या नंबरचा दिवा विझला. मोटर फिरतच राहिली.

टिपणीस दिव्याकडे आणि मोटरकडे आळीपाळीने पाहत राहिले. हारूनने बटण दाबून मशीन बंद केलं. मग मुख्य स्विच पाडून चारही कार्डं बाहेर काढली आणि टेबलावर ओळीने मांडली. पहिल्या आणि तिसऱ्या कार्डाच्या कडांवर कित्येक वर्षांची धूळ होती. दुसऱ्या आणि चौथ्याच्या कडा बोटांनी पुसल्यासारख्या स्वच्छ होत्या.

"तुम्ही दिवा पाहिलात आणि कंट्रोलर ठीक आहे म्हणालात," हारून टिपणीसांना म्हणाला. "मीही तेच लिहिणार होतो. पण दिवा फक्त वायरीवर वीज आहे की नाही तेवढं सांगतो. तिथून पुढे कार्डातला एक बारका भाग ती खबर कंट्रोलरला पोचवतो. चौथ्या जागेवरच्या या कार्डात पाचव्या नंबरचा तो भाग जळून चिकटलाय. दार उघडं असो की बंद, कंट्रोलरला ते बंदच दिसतं. दोरा असता तरी आणि नसता तरी तिची बोटं गेलीच असती."

"मग दोरा कशाला?"

"हेच लपवायला. हे कार्ड मुळात दोन नंबरच्या जागेवर होतं. तिथे त्याच्यामुळे मोजणी अडकायची आणि मशीन थांबायचं. अपघाताच्या सकाळी कुणीतरी दुसरं आणि चौथं कार्ड आपसात बदललं. मोजणी सुरळीत झाली. बिघाड दारावर गेला. तिथे तो दिसत नव्हता. दार उघडेपर्यंत कुणाला कळणारही नव्हतं."

त्याने खिशातला दोरा टेबलावर ठेवला.

"हा मेण लावलेला दोरा. पॅनेलमधल्या वायरींचे जुडगे याने बांधतात. आत पाहा, तोच दोरा आणि तीच गाठ. तो भुकटीवरून बांधलाय आणि त्याला भुकटी नाही, म्हणजे मशीन थांबल्यावर बांधलाय. किल्ली तुमच्याकडेही आहे, साहेब. पण सगळे टेंपोकडे धावले तेव्हा मशीनपाशी एकच माणूस उरला होता."

सखा टेबलापाशी आला.

"नवं कार्ड मागितलं मी," तो म्हणाला. "साहेब बोलले, आता ते कुटंच मिळत नाय, काय वाट्टेल ते कर पन मशीन चालू ठेव. दोन दिवसांत दुसरी कायतरी सोय करनार होतो, तवर दार कुनी उगडंल असं मला वाटलं नाय. आनि तीच उगडंल असं तर..."

"कार्डं बदल, असं मी म्हणालो होतो?" टिपणीसांनी विचारलं.

"नाय."

"हारूनभाई, हे एवढं ऐकलंत ना? एवढंच लिहा."

हारूनने दोन्ही लिहिलं. सखाने काय केलं तेही, आणि सुटा भाग नसताना मशीन चालवायला कुणी लावलं तेही. टिपणीसांनी दुसरं वाक्य काढायला सांगितलं. हारूनने ते काढलं नाही, तेव्हा त्यांनी कागद घडी करून खणात टाकला आणि टायपिस्टला हाक मारली. मैनाला कमी करण्याच्या कागदात तिच्या जागी सखाचं नाव घालायचं होतं. बाकी मजकूर तोच चालणार होता.

मैना बाकावरून उठून नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती.

"इस्पितळात तुमी रोज सकाळी इचारायचात," ती म्हणाली. "आठीव, दोरा तूच बांधलास ना. मला वाटायचं, माझं डोकं ठिकान्यावर हाय का ते बगताय. तुमी इचारलंत म्हनून मला तो दोरा दिसाय लागला. माझ्याच हातांनी बांदताना."

सखाने तिची पिशवी उचलायला हात पुढे केला. तिने ती डाव्या हाताने ओढून घेतली.

हारून बाहेर आला तेव्हा ती हमरस्त्याच्या कडेला एसटीची वाट पाहत उभी होती. कडावला भावाकडे जाते म्हणाली. सखा फाटकाच्या आत उभा होता. वॉचमन त्याला सांगत होता की साहेबांनी आधी किल्ली जमा करायला सांगितलीय.