नकाराची खिडकी

डॉ. सलमा मुजावर यांनी तो विषय मुद्दामच काढला. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या प्रयोगशाळेत वैजयंती खराडे डोक्यावर पूर्वसंवेदी शिरस्त्राण चढवून बसली होती. समोरच्या टेबलावर त्या शिरस्त्राणाशी जोडलेला एक यांत्रिक हात बोल्टांनी पक्का केलेला होता आणि त्याच्या बोटांत काचेचा चंबू होता. मुजावर मॅडम शांतपणे म्हणाल्या की, वैजयंतीच्या वडिलांचं वर्कशॉप त्यांच्यामागे बुडालं ते मुलीच्या हातात गेलं म्हणून.

वाक्य पुरतं संपायच्या आत चंबू त्यांच्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर फुटला. काचेचा एक तुकडा त्यांच्या गालात घुसला.

वैजयंती उठून धावली. आपण काहीच केलं नाही, असं ती शपथेवर सांगू शकली असती.

मॅडमनी रुमालाने गाल दाबून धरला आणि तिला पुन्हा खुर्चीत बसवलं. त्यांनी यंत्राची एक कळ फिरवली, दुसरा चंबू ठेवला आणि पहिल्यापेक्षा वाईट काहीतरी बोलल्या. या वेळी यांत्रिक हात नुसता थरथरला आणि जागीच राहिला.

"मेंदू आधी सुरुवात करतो, आपल्याला नंतर कळतं," त्या म्हणाल्या. "हालचालीची तयारी मेंदूत सुरू होते तेव्हा तुला त्याचा पत्ताही नसतो. क्षणभराने तुला वाटतं, मी ठरवलं. तिथून हात हलेपर्यंत थोडी फट उरते, आणि त्या फटीत आपण नाही म्हणू शकतो. दिवसभरात आपण शेकडो गोष्टी सुरू करतो आणि तिथेच मारून टाकतो. शिरस्त्राण सुरुवात वाचतं, म्हणून त्याला मी थांबायला शिकवलंय. नकाराची खिडकी उघडी ठेवायची. नकार आला नाही, तरच हलायचं."

"आणि त्या थांबण्यात माझी गाडी पडते," वैजयंती म्हणाली.

तिचं खरं भांडण तेवढंच होतं. ती दुर्गम वाटांवर जाणाऱ्यांसाठी हलक्या मोटरसायकली बांधायची. डांबरावरही धावेल आणि दगडगोट्यांतही चढेल अशी गाडी, आणि ती पडली तर एकटीला उभी करता आली पाहिजे, हा तिचा नियम होता. स्वतःच्या गाडीतून तिने मागची सीट काढली होती, पोलादी दांड्यांच्या जागी टायटॅनियम घातलं होतं, इंजिनाच्या जागी मागच्या चाकातली मोटर आणि बॅटरीखाली ॲल्युमिनियमचं कवच बसवलं होतं. सांगाड्याच्या मधोमध संतुलन-चक्र फिरत असे. ते, मोटर आणि हँडल, तिन्ही शिरस्त्राणाशी जोडलेली होती. चालवणाऱ्याने तोल सावरायचं मनात आणायच्या आधी गाडीने तो सावरावा, अशी कल्पना होती. सुट्या दगडांवर मात्र खिडकीमुळे जो उशीर व्हायचा, तेवढ्यात पुढचं चाक निसटायचं.

खिडकी बंद करायला मॅडमनी स्पष्ट नकार दिला. त्यांच्या मते माणूस म्हणजे त्याने सुरू होताच मागे घेतलेल्या गोष्टी. वैजयंतीला हे भाषण वाटलं. घरी जाऊन तिने स्वतःच्या आणि धाकट्या भावाच्या, इंद्रजितच्या, अशा दोन्ही शिरस्त्राणांतली खिडकी स्वतःच बंद केली.

इंद्रजित बहीण बांधेल ती गाडी चालवायचा. त्याला शंका अशी नव्हतीच. लहानपणी मार बसायची वेळ आली की तो आधी गायब व्हायचा आणि मार ताईला बसायचा. घरात हे हसून सांगितलं जाई. वैजयंतीही हसायची.

खिडकी बंद झाल्यावर गाड्या नाचू लागल्या. पन्हाळ्यामागच्या ओढ्यात, शेवाळलेल्या धोंड्यांवरून दोघं चालल्यासारखी सहज वर गेली. परतताना मात्र एक गाडीवाला वैजयंतीला चेपून पुढे गेला, आणि तिला राग आलाय हे कळायच्या आत तिच्या हँडलने त्याचा आरसा उडवला होता. इंद्रजित खूप हसला. ती घरी येऊन बराच वेळ हँडलवरचा ओरखडा बघत बसली, आणि पुढच्या आठवड्यात दोघं हिमाचलकडे निघाली.

तिथल्या एका सोडून दिलेल्या लष्करी वाटेवर बॅटऱ्या लुटणारी टोळी फिरते, हे खालच्या गावात त्यांना सांगितलं होतं. एकट्यादुकट्या गाडीस्वाराला दरीत लोटायचं आणि मग खाली उतरून बॅटरी काढून न्यायची, ही त्यांची पद्धत होती. ते ऐकून घेऊन दोघं गाड्यांच्या भरवशावर पुढे गेली.

भर दुपारी, कड्यात कोरलेली वाट जिथे थोडी रुंद होते तिथे, समोरून जीप आली आणि आडवी थांबली. दोघे जण पहारी घेऊन खाली उडी मारून आले, तिसरा जीपमध्येच बसून होता. पहिल्याने विचारलं वगैरे काही नाही. त्याची पहार वैजयंतीच्या डाव्या हातावर बसली आणि कोपराखालचं हाड मोडल्याचा आवाज तिने शिरस्त्राणाच्या आतून ऐकला.

इंद्रजित तिच्या मागे होता. त्याच्या मागे, आले त्या बाजूला, उताराची वाट मोकळी होती. त्याची गाडी एकदम सुटली. वैजयंतीला चाटून पुढे गेली, जीपच्या तोंडाशी घासली, तिचा दिवा फोडला आणि पलीकडे चढावर दिसेनाशी झाली. जीपवाल्याने शिवी हासडली, जीप वळवली आणि तो त्याच्या मागे लागला.

आता वैजयंती होती आणि ते दोघे.

पहार दुसऱ्यांदा उचलली गेली तेव्हा तिची गाडी मागच्या चाकावर उभी राहिली होती. पुढचं चाक त्या माणसाच्या छातीवर आलं. फासळ्या मोडल्याची थरथर हँडलमधून तिच्या उजव्या हातात पोचली. तो खाली पडला तरी गाडी थांबली नाही. दातेरी टायर त्याच्या गळ्यावरून गेला आणि मग उलटा फिरून पुन्हा गेला.

दुसरा माणूस हे बघत होता. त्याने पहार टाकली, दोन्ही हात वर केले आणि पाठ कड्याला लागेपर्यंत मागे सरकला. त्याचा चेहरा तिला स्पष्ट दिसला. ओठ हलत होते, तो विनवत होता. तिने "नको" म्हटलं, मोठ्याने म्हटलं, पण तोवर गाडी निघालेली होती. उभ्या उठलेल्या गाडीचं बॅटरीखालचं कवच त्याच्या पोटात आणि मागे खडक, असा तो चिरडला. तिने ब्रेक दाबून गाडी मागे घेतली तेव्हा तो बसल्यासारखा घसरत खाली आला आणि तसाच राहिला.

यानंतर तिला गाडीवरून उतरता आलं नाही. मोडलेला हात छातीशी धरून ती कड्याला जवळजवळ टेकून बसून राहिली. संतुलन-चक्र फिरत होतं, म्हणून ती आणि गाडी उभ्या होत्या. वाट रक्ताने चिकट झाली होती आणि माशा आल्या होत्या. तिच्या मनात मेलेल्या माणसांपेक्षा इंद्रजितच जास्त होता. खिडकी तिने स्वतः बंद केली होती. इंद्रजितच्या गाडीने जे केलं, ती त्याच्या मेंदूची पहिली सुरुवात होती. त्यात भीड नाही, लाज नाही, विचार नाही. पहिल्या सुरुवातीला तो तिला टाकून गेला होता.

बऱ्याच वेळाने तो आला. शिरस्त्राणाच्या कडेखाली एक कान फाटला होता आणि जर्किन खांद्यापासून रक्ताने भरलं होतं. जीप वरच्या वळणावर नाल्यात कोसळली, जीपवाला तिच्याखाली गेला, असं त्याने तुटक शब्दांत सांगितलं. तिचा हात बघायला तो गाडीवर बसूनच समोर, वाटेच्या काठाशी येऊन थांबला, दरीकडे पाठ करून. त्याची गाडी चालूच होती. तो रडत होता.

"ताई, मी पळालो," तो म्हणाला. "मला कळलंच नाही गं. कळलं तेव्हा मी पार वर पोचलो होतो."

ती "असू दे" म्हणणार होती. ते शब्द तिच्या जिभेवर तयार होते. दोघं जिवंत होती, खाली जायचं होतं, हात बांधायचा होता, आणि हे सगळं तिला त्या क्षणी ठाऊक होतं.

तिची गाडी कड्यापासून सुटली. धडक बसली तेव्हा तिला फक्त त्याचे डोळे दिसले. मग ब्रेकवर दाबलेला स्वतःचा उजवा हात दिसला. तिचं पुढचं चाक दरीच्या काठावर थांबलं होतं, आणि समोर कोणीच नव्हतं.

खालच्या गावातल्या लोकांनी तिला जिल्ह्याच्या रुग्णालयात आणलं. पोलिसांना तिने पहिल्याच दिवशी सांगितलं की भावाला मी मारलं. धक्क्याने बाई बरळतेय, असं समजून त्यांनी ते बाजूला ठेवलं. शिरस्त्राणाचं काम जाणणारं कोणी हवं म्हणून त्यांनी डॉ. मुजावर यांना बोलावून घेतलं. त्या पोलिसांबरोबर वाटेवर जाऊन आल्या, दरीतून वर काढलेली इंद्रजितची गाडी त्यांनी तपासली आणि मग वैजयंतीच्या खाटेशी येऊन बसल्या.

वैजयंतीने त्यांना सगळं क्रमाने सांगितलं. चंबू फुटला त्या दिवशीच मला कळायला हवं होतं, असंही म्हणाली. मॅडमनी एवढंच विचारलं की, इंद्रजितच्या शिरस्त्राणातली खिडकी नक्की बंद होती ना.

"मीच केली होती."

"गाडी चालू होती?"

"हो."

"मग त्याने बाजूला उडी का नाही मारली?"

वैजयंतीला प्रश्नच कळला नाही.

"जीव वाचवणं ही मेंदूची सगळ्यात जलद सुरुवात," मॅडम म्हणाल्या. "त्याच्या उजवीकडे वाट रिकामी होती. तू अर्धं अंतर कापायच्या आत त्याची गाडी तिथे पोचायला हवी होती. त्याने ठरवायची गरजच नव्हती."

तो थिजला असेल, असं वैजयंती पुटपुटली.

"थिजलेल्या माणसाचं चाक फिरत नाही. त्याचं मागचं चाक पुढे फिरत होतं, वैजयंती. खडकावर रबर उतरलंय, मी हात लावून बघितलं. तो तुझ्या दिशेने जोर लावत होता."

वैजयंती म्हणाली, मग त्याने मला उलट मारायला घेतलं असेल. तसं असतं तर तिला ते हवंच असतं. मॅडमनी मान हलवली. मारणारा असता तर दोन गाड्यांच्या मध्ये जेवढं अंतर होतं त्यात तो वेग घेऊन आला असता. त्याच्या चाकाची खूण एकाच जागी, खोल होती. पाय रोवून कुणाला धरावं तशी.

"तुझ्या ब्रेकची खूण काठापासून दोन हातांवर सुरू होते," त्या म्हणाल्या. "त्या वेगाला दोन हात पुरत नाहीत. तो बाजूला झाला असता तर तू सरळ दरीत गेली असतीस. तुला ब्रेकने थांबवलं नाही. तू त्याच्यावर थांबलीस, आणि तो गेला."

वैजयंती म्हणाली की, त्याच्या आधी तो मला टाकून पळाला होता, आणि हे तो स्वतःच म्हणाला.

"कोणत्या बाजूने पळाला?"

"जीपच्या समोरून."

"मागे वाट मोकळी असताना?"

वैजयंतीने डोळे मिटले. तिला जीपचा फुटणारा दिवा दिसला आणि वळणारी जीप दिसली. तिसरा माणूस जीप घेऊन तिच्या अंगावर आला असता तर तिची गाडी काही करू शकली नसती.

"पण त्यालाही वाटलं तो पळाला म्हणून," ती म्हणाली.

"त्यालाही नंतरच कळलं ना. आपण काय केलं ते आधी होऊन जातं, का केलं ते आपण नंतर जुळवतो. तो लहानपणापासून जे ऐकत आला, ते त्याने जुळवलं."

बाहेरच्या ओसरीत पोलीस अधिकारी थांबले होते. मॅडमनी सांगितलं की, टोळीच्या हल्ल्यात दोन्ही गाड्यांची धडक झाली एवढं लिहून प्रकरण मिटवायला ते तयार आहेत. वैजयंती म्हणाली, त्यांना आत बोलवा, मी सांगते तसं लिहून घ्या म्हणावं. मॅडम उठल्या. दारापर्यंत गेल्यावर वैजयंतीने त्यांना हाक मारली.

"तो थांबला होता, पळाला नव्हता, हे त्याला कळलं असेल का?"

मॅडम दाराची कडी धरून उभ्या राहिल्या. "कळायला फार वेळ लागत नाही," त्या म्हणाल्या.

वैजयंतीला ती दरी आठवली. धडक बसल्यावर तिने इंद्रजितच्या नावाने हाक मारली होती, श्वास घेतला होता, पुन्हा हाक मारली होती, आणि त्यानंतर कुठे खालून आवाज आला होता. तेवढा वेळ पुष्कळ झाला. आपण हललो नाही, हे त्याला कळलं असणार. आणि समोरून कोण आलं होतं, हेही.