दोन इंच कमी

ट्रायलच्या कोटाचं वरचं बटण लागलं, मधलं काही लागेना. ते ओढता ओढता बँडमधला ट्रम्पेटवाला आरशासमोरच मटकन खाली बसला. चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे.

तोंडातल्या टाचण्या काढून लवंगी धावली. खरं नाव काहीही असो, राग सदा नाकावर म्हणून अख्खी गल्ली तिला लवंगीच म्हणायची.

"सकाळपासून काय खाल्लंय?"

"काकडी..."

"आणि काल?"

"काल पण – काकडीच. आणि लिंबूपाणी. दहा दिवसांत दोन इंच जातात म्हणे."

"इंच नाही, जीव जातो!"

तिचा संताप काकडीवर नव्हताच. मावशीच्या या दुकानात तिनं पहिल्यांदाच एकटीनं माप घेऊन, एकटीनं बेतलेला हा कोट, आणि तोच दहा दिवसांपूर्वी, पहिल्या ट्रायलला, पोटात दोन इंच कमी निघाला होता. तो गेल्यावर मावशीनं तिच्या हातातली कात्री काढून घेतली आणि काजं-बटणांचा ढीग पुढं सरकवला. तेव्हापासून लवंगी टेपवर चिडलेली, स्वतःच्या डोळ्यांवर चिडलेली. कोट उसवून सैल करते म्हटलं, तर हे महाशय म्हणाले, "नको नको, मीच बारीक होतो!" म्हणजे तिची चूक तो उपाशी राहून निस्तरणार. कोणी सांगितलं होतं याला?

तिनं आपला डबा उघडून पुढ्यात आदळला. भात, डाळ, भाजी, एक उकडलेलं अंडं.

"भात? अहो, भातानं तर..."

"गपचूप खा. माझ्या ताईनं कसलीशी पावडर पिऊन असंच झटपट वजन उतरवलं. वजन तर परत आलंच, केस मात्र गेले ते गेलेच. तुम्हाला मुळात बारीक कशाला व्हायचंय?"

"जिना चढताना दम लागतो. डॉक्टर पण म्हणाले."

"मग व्हा की! पण माणसासारखं. सगळं खायचं, बेतानं खायचं, रोज चालायचं. महिन्याला किलो-दोन किलो उतरलं तरी पुष्कळ. उद्यापासून दुपारी इथं यायचं, माझ्यासमोर जेवायचं. तुमच्यावर माझा काडीचा विश्वास नाही."

तो आला. रोज आला. आपला डबा आणू लागला, निम्मा भाजीचा, सोबत ताक. तिनं कोट उसवून हवा तेवढा सैल केला, आणि तो समोर बसून सावकाश जेवायचा. बँडचा कार्यक्रम तोंडावर आलेला, तालमीत त्याचा सूर पुन्हा भरून लागू लागला होता.

"तुम्ही चिडलात ना, की नाकाचा शेंडा लाल होतो," तो एकदा म्हणाला.

"आणि तुम्ही जेवताना बोललात ना, की शितं उडतात."

तो हसला, आणि आणखी चार शितं उडाली. लवंगीनं मान वळवली. हसू दिसलं असतं तर पंचाईत झाली असती.

एका दुपारी एक बाई ब्लाउज शिवायला आल्या. लवंगी टेप घेऊन उठली, तोच मावशी म्हणाली, "तू बस. तिला माप घेऊ देत नाही, कात्रीही धरू देत नाही हो मी. बँडच्या कोटात दोन इंचांचा घोळ घातलाय तिनं."

ट्रम्पेटवाल्याचा घास हातातच राहिला.

"माझ्यामुळं? मावशी... माप बरोबर होतं. मी – मी पोट आत घेतलं होतं."

"एवढा वेळ?" मावशीला खरं वाटेना.

"आमचा धंदाच श्वासाचा. या टेप घेऊन इतक्या जवळ आल्या... वाटलं, जरा बरं दिसावं. मग श्वास सोडायचा धीरच झाला नाही. नंतर सांगायची लाज वाटली."

बाईंनी पदर तोंडाला लावला. मावशीनं डोक्याला हात लावला आणि मुकाट्यानं कात्री लवंगीसमोर ठेवली.

लवंगीनं कात्रीला हातही लावला नाही.

"महिनाभर!" तिचा आवाज चिरकला. "महिनाभर मी टेपला शिव्या घालतेय! रात्र रात्र वाटायचं, हे काम आपल्याला जमणारच नाही. आणि तुम्ही इथं बसून डाळ-भात चापताय?"

"चुकलं. कात्रीचं ठाऊक असतं तर पहिल्याच दिवशी बोललो असतो. पण... तुम्हाला आवडावं म्हणूनच सगळं केलं. मला तुम्ही आवडता. आता रागवा हवं तेवढं."

"रागावणारच! तुम्हाला कोणी सांगितलं मला काटकुळा माणूस हवाय म्हणून? त्या दिवशी दारातून जो आत आला ना, घामाघूम, पोट सुटलेला, जिना चढून धापा टाकणारा – तो आवडला होता मला. तेव्हाच! आणि तुम्ही त्यालाच उपाशी मारायला निघालात. त्याचा राग आहे माझा, कळलं?"

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि नाकाचा शेंडा लालभडक झाला होता.

"कळलं," तो हळूच म्हणाला.

"मग बघताय काय? जेवा. भात गार होतोय."