बोट लावून जा

माझा धाकटा भाऊ फुई मिन एक्केचाळीस वर्षांनी आमच्या गावी, कुचिंगला यायचा होता, तीन दिवसांसाठी. रोज दुपारी चार वाजता पर्थहून त्याचा फोन यायचा आणि आम्ही बेत आखायचो. शुक्रवारी विमानतळावरून थेट लाक्साच्या, म्हणजे तिखट रश्शातल्या शेवयांच्या गाडीवर. दुपारी होडीने नदीपलीकडे, आता तिथे राहणाऱ्या आमच्या जुन्या शेजारणीच्या, माक रोकियाच्या हातचा थरांचा केक. शनिवारी विश्रांती, कारण सहासष्ट वर्षांच्या माणसाला केकनंतर ती लागते. रविवारी आईच्या हातचे नूडल्स.

“आईला जाऊन एकोणीस वर्षं झाली,” मी म्हणालो.

“मग तू कर, आको. तुझ्या हातचं खाऊन मरायची भीती आता राहिलेली नाही मला.”

आमच्यात थोरल्या भावाला आको म्हणतात. भीती राहिली नव्हती, कारण त्याला खाताच येत नव्हतं. घशाचा कर्करोग. पोटात नळी होती आणि आवाज फुंकरीइतकाच उरला होता. त्याला इथे येऊन काही गिळायचं नव्हतं, नुसतं बोट लावायचं होतं.

समोर आलेलं अन्न न शिवता माणूस निघाला, तर त्याला केंपुनान लागतं. साप चावतो, होडी उलटते, झाड पडायचं ते नेमकं त्याच्यावर पडतं. घाई असेल तर खाऊ नका. बोट लावा, ते ओठांना टेका आणि खुशाल जा. मलय, दायाक, आम्ही हाक्का चिनी, सगळ्यांचे देव वेगळे, पण हे भय सामाईक. माझा यावर विश्वास नाही. मी तेवीस वर्षं सरकारी पट्टीने नदीची भरती-ओहोटी मोजली. पुढे बंधारा झाला, भरती थांबली आणि माझी नोकरीही.

फुई मिनच्या उजव्या तर्जनीचं पेर लाकडाच्या गिरणीत गेलं होतं. बाप म्हणाला, उरलेल्या नऊ बोटांनी परत तिथेच जा. दुसऱ्या सकाळी त्याने जहाजावर खलाशाची नोकरी धरली. आईने नूडल्सचा वाडगा पुढे ठेवला. त्याला न शिवताच फुई मिन धक्क्याकडे निघाला.

“अरे, बोट लावून जा!” तेव्हा शेजारीच राहणाऱ्या माक रोकियाने दारातून हाक मारली. वाडग्यात डुकराची चरबी आणि ती मुसलमान, म्हणून तिला तो उचलता येईना. आईने तो माझ्या हातात दिला आणि मला मागे पळवलं.

मी परतलो तेव्हा वाडगा रिकामा होता. “सगळं खाल्लं त्याने,” मी सांगितलं. आई मरेपर्यंत हे कौतुकाने सांगायची.

खरं म्हणजे जहाज सुटायला पाच मिनिटं होती. फुई मिन धक्क्यावर, माझ्यापासून दहा पावलांवर पाठमोरा उभा होता. तो सुटला आणि बाप माझ्या एकट्याच्या गळ्यात पडला, याचा मला राग आला होता. भूकही लागली होती. मी पायरीवर बसलो आणि ते नूडल्स खाल्ले.

त्यानंतर तो तीनदा यायला निघाला. एकदा पासपोर्ट चोरीला गेला. एकदा विमानतळाच्या जिन्यावर पाय मोडला. आईच्या अंत्यविधीला निघाला, तर विमान अर्ध्या वाटेतून परत फिरलं. तो याला नशीब म्हणायचा. रविवारी वाडगा पुढे ठेवून मला त्याला त्या नशिबाचं नाव सांगायचं होतं. बाकीचा बेत त्याचा, माझा एवढाच.

मंगळवारी मी लाक्साच्या गाडीवर गेलो. गाडीवालीला, आ सिऊला म्हटलं, शुक्रवारी एक वाडगा नुसतं बोट लावायला हवाय.

“गावात साथ आलीय का बोटांची? सकाळीही मागून कुणीतरी म्हणालं, एक वाडगा. घसाच बसलेला बिचाऱ्याचा. ठेवला, वळले, तर माणूस नाही. हे बघ.”

वाडगा धुवायचा होता. काठावर तिखटाचा ठसा होता. रुंद, बोथट. नखाची खूण नाही. मी स्वतःला समजावलं की या गावात गिरण्या पुष्कळ होत्या, तेव्हा तुटकी बोटंही पुष्कळ असणार.

बुधवारी होडीने पलीकडे गेलो. अठ्ठ्याऐंशी वर्षांची माक रोकिया पायरीवर बसली होती.

“दात पडले, पण शहाणपण काही उगवलं नाही तुझं,” ती म्हणाली. “केक शुक्रवारी हवा म्हणालास आणि आजच बोट खुपसून गेलास?”

“मी आत्ता येतोय, माक.”

तिने केकवरची जाळी उचलली. वरच्या थरात मधोमध खळगा होता. खिशात पट्टी असतेच, मी मोजला. एकोणीस मिलिमीटर रुंद, बोथट.

तिने जाळी परत केकवर ठेवली.

“त्या दिवशी त्याने खरंच बोट लावलं होतं ना रे, सिन?”

“हो,” मी म्हणालो.

चार वाजता फोन आला.

“लाक्सा आणि केक खोडून टाक, आको.”

“का?”

“झालं ते. नूडल्स तेवढे राहिलेत.”

गुरुवारी फोन आला नाही. पाच वाजता आला तो त्याच्या मुलीचा. बाबा पहाटे गेले, म्हणाली. सोमवारपासून शुद्ध नव्हती. फक्त उजवा हात सारखा ओठांकडे न्यायचे.

मी चार वाजताच्या फोनांबद्दल बोललो नाही.

रविवारी मी नूडल्स केले. चरबीत कांदा तळला, आई तळायची तसा, जरा जास्तच. वाडगा समोरच्या खुर्चीपुढे ठेवला. हात साबणाने दोनदा धुतले आणि खुर्चीला सगळं सांगितलं. पायरी, राग, भूक. बुधवारचं ‘हो’सुद्धा.

काही झालं नाही.

मी खिडकीशी जाऊन नदी बघितली. पाणी हलत नव्हतं.

वळलो. नूडल्समध्ये खळगा होता. रुंद, बोथट.

मी वाडग्याला हात लावला नव्हता. सकाळपासून काही खाल्लंही नव्हतं.

कोरडे वाटले म्हणून ओठांवरून जीभ फिरवली.

चरबी, आणि जरा जास्तच तळलेला कांदा.