मॉन्तेफोस्कोला राहिलेली सँडल

"अख्खा डोंगर मोकळा पडलाय, पण गाडी लावायची ती माझ्याच कानाशी. बरं, लावली तर लावली... निदान फ्रीज तरी सुरात घुमावा."

खिडकीच्या जाळीतून ही कुरकुर थेट लाविनियाच्या उशाशी येऊन पडली. सकाळचे साडेसहा वाजले होते. तिच्या निळ्या कॅम्परची, म्हणजे त्या चाकांवरच्या घराची, खिडकी आणि शेजारच्या करड्या गाडीची खिडकी यांच्यात हातभर अंतर होतं. गावाच्या तटाखाली सपाट म्हणावी अशी तेवढीच जागा उरली होती, म्हणून काल संध्याकाळी तिने गाडी तिथे कशीबशी घुसवली होती. शेजारचा माणूस कॉफी उकळत स्वतःशीच बोलत होता. कुरकुरीचं तिला काही वाटलं नसतं. चौतीस वर्षांत शेजाऱ्यांनी तिच्याबद्दल काय काय म्हणून ठेवलं होतं... पण तिचा फ्रीज बेसूर आहे, असं कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्याचा फ्रीज इतका कान देऊन ऐकणारा माणूस आणखी काय काय ऐकत असेल?

लाविनियाच्या संशयाला तेवढं पुरलं. हल्ली तो कशानेही जागा व्हायचा. सप्टेंबरात कोर्टाची तारीख होती. मुलं कुणाकडे राहायची, ते त्या दिवशी ठरणार होतं. जानलूका, म्हणजे तिचा नवरा — अजून कागदावर तरी नवराच — त्याच्या वकिलाने पत्रात लिहिलं होतं, की मुलांची आई अस्थिर स्वभावाची आहे. यावर लाविनियाने काय केलं? भावाचा जुना कॅम्पर मागून आणला, दहा वर्षांची तेक्ला आणि सहा वर्षांचा एलिओ यांना त्यात बसवलं आणि ऑगस्टभर डोंगरावरच्या गावांतून भटकायला निघाली. स्थिर स्वभावाच्या बाईचं हे लक्षण नव्हे, हे तिला पहिल्याच चढावर, गिअर अडकला तेव्हा कळून चुकलं होतं.

"मला ऐकू येतंय," ती जाळीतून म्हणाली.

पलीकडची कुरकुर थांबली. मग विस्कटलेल्या केसांचं एक डोकं खिडकीत आलं. चाळिशीचा माणूस, चष्म्यावर वाफ.

"माफ करा, सिन्योरा. मला वाटलं, गाडीत सगळे झोपलेत."

"झोपलेल्या माणसांच्या फ्रीजला नावं ठेवायची पद्धत आहे का तुमच्याकडे?"

"नावं नाही ठेवली." तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "किंचित उतरलाय, एवढंच. कॉफी घेणार?"

या खिडकीतून त्या खिडकीत कप आला. बोटाला बोट लागलं न लागलं... आणि दोघांनीही हात जरा जास्तच घाईने मागे घेतले. कॉफी फक्कड होती. लाविनियाला तेही खटकलं.

त्याचं नाव ओरेस्ते. काय करता म्हणून विचारलं तर म्हणाला, जुन्या गोष्टी दुरुस्त करतो. कसल्या जुन्या गोष्टी?

"वय झालं तरी आवाज गेला नाही अशा," तो म्हणाला, आणि हसला.

हे काय उत्तर झालं? सरळ धंद्याच्या माणसाला आपला धंदा सांगायला कोडी घालावी लागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी लाविनिया तिथून निघून रोक्काल्वानाला गेली. संध्याकाळी अंजिराच्या झाडाखाली ती टोमॅटो चिरत बसली होती, तर वळणावरून करडी गाडी धापा टाकत वर आली. तिसऱ्या दिवशी मॉन्तेफोस्को, तिथेही करडी गाडी. रोज सकाळी हा गृहस्थ एक लांबट पेटी काखेत मारून वेशीतून आत जायचा. दुपारी परतायचा तेव्हा गुडघ्यांना धूळ आणि केसांत जळमटं. खिशात काळी वही. मध्येच थांबून तीत पेन्सिलीने काहीतरी टिपायचा. एकदा मुलं भांडत होती, लाविनिया त्यांच्यावर ओरडत होती, आणि तेव्हाच त्याने वही काढली. 'आई मुलांवर ओरडते. वेळ सव्वाबारा.' दुसरं काय लिहिणार तो?

बेकरीच्या पायऱ्यांवर उभं राहून तिने जानलूकाला फोन लावला आणि सरळ विचारलं, माझ्यामागे माणूस लावलायस का?

तिकडे त्याने एक खण उघडून बंद केला. मग म्हणाला, "लाविनिया, मला माझे स्वतःचे मोजे सापडत नाहीत. मी पाळत कुणावर ठेवणार?"

"आणि तुझा वकील?"

"वकिलाचं मला माहीत नाही."

ते 'माहीत नाही' तिला बुटातल्या खड्यासारखं टोचत राहिलं. शिवाय मुलंही सकाळी चौकात खेळायला जातो म्हणून पळायची, आणि परत आली की एकमेकांकडे बघून गप्प व्हायची. तेक्लाच्या बाहीला जुन्या मेणाचा वास यायचा. मेणाशी खेळतं का कुणी?

म्हणून तिने एक डाव टाकला. रात्रीच्या जेवणाला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, उद्या पेत्रेल्लाला जायचं. सकाळी गाडी काढली आणि बरोबर उलट्या रस्त्याला, सांतेल्व्हिओकडे वळवली. मुलांचे चेहरे उतरले. पण का म्हणून कुणी विचारलं नाही.

सांतेल्व्हिओला जागा भरपूर होती. झाडीत, सावलीत, निवांत. लाविनियाने मात्र गाडी लावली ती वळणावर, रस्त्यावरून दिसेल अशी. वारा चांगला येतो म्हणाली. संध्याकाळी एक बारीकशी सर येऊन गेली आणि दगडांच्या फटीतल्या ओव्यासारख्या झुडपांचा ओला वास सुटला. चढावर गाडीचा आवाज आला की ती मान वर करायची. ट्रॅक्टर. दुधाची गाडी. कुणाचा तरी जावई. करडी गाडी आली नाही. आपण त्याला चुकवलं, डाव साधला... खरं तर तिने खूश व्हायला हवं होतं. तिने तोच ग्लास तीनदा धुतला.

सकाळी तिने जाहीर केलं, की एलिओची एक सँडल मॉन्तेफोस्कोला राहिलीय, परत जावं लागेल. आणि गाडीत कुणी शोधाशोध करून पसारा करायचा नाही. तेक्लाने एलिओकडे बघितलं, एलिओने बाकाखालच्या कप्प्याकडे बघितलं. एलिओने मुकाट्याने बूट घातले.

करडी गाडी मॉन्तेफोस्कोलाच होती, जागची हललीही नव्हती. लाविनियाच्या छातीत काहीतरी टुणकन उडालं. तिने त्याला राग असं नाव दिलं. गाडी नीट लावून मागे वळते, तर तेक्ला गायब, एलिओ गायब.

ती धावतच चढ चढली. चौक रिकामा. चर्चच्या दारात इडाबाई खुर्ची टाकून वाल सोलत बसल्या होत्या. चर्चच्या किल्ल्या त्यांच्याकडे, झाडलोट त्यांच्याकडे, आणि गावाला चार शब्द सुनावण्याचं कामही त्यांच्याकडेच. आतून एकच सूर येत होता. लांब, नाकातला, थरथरता.

"पोरगी वर आहे," विचारायच्या आतच त्या म्हणाल्या. "धाकटा मागे माझ्या मांजरीपाशी. चांगली बसते हो तुमची मुलगी. आधी तो करड्या गाडीवाला मलाच बसा म्हणाला होता, पण दोन तास एका जागी बसणं आता होत नाही माझ्याने. पूर्वी मामा यायचा याचा, यंदा गुडघ्यांनी त्याला घरी बसवलं. ऑर्गनचे सूर लावायचे म्हणजे दोन माणसांचं काम. एक आत नळ्यांत, एक बाहेर पट्टी दाबून."

ऑर्गन... लाविनियाने दाराची चौकट धरली. जुन्या गोष्टी. वय झालं तरी आवाज न गेलेल्या.

"पण यंदा याचं डोकं फिरलंय," इडाबाईंनी आवाज खाली आणला. "आमच्या संताचा सण झाला सात तारखेला. ऑर्गन लावतात सणाच्या आधी. बारा वर्षं हा सणाच्या आधी येतोय, यंदाही आला होता, लावून गेला. आणि आता पुन्हा हजर. जेवणं आटोपल्यावर कुणी मीठ बघतं का? तिकडे पेत्रेल्लाचा सण चार दिवसांवर आलाय, त्यांचे फादर रोज मला फोन करतात, आमचा माणूस कुठे आहे म्हणून."

म्हणजे कामासाठी आला नव्हता. म्हणजे मागेच येत होता. सुटत चाललेली गाठ पुन्हा घट्ट बसली.

अरुंद जिन्याने लाविनिया वर गेली. तेक्ला पट्ट्यांसमोर पाठ ताठ करून बसली होती. आईला बघताच ती पांढरी पडली आणि पुटपुटली, की ओरेस्तेने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आईला चालेल ना... आणि तिने हो सांगून टाकलं होतं. लाविनियाने ओठांवर बोट ठेवलं, तिला उठवलं आणि स्वतः बसली.

"पुढचा," आतून आवाज आला.

तिने पट्टी दाबली. सूर आला, थरथरला. आत कुठेतरी टक्, टक् झालं... थरथर मंदावली, आणि एका क्षणी सूर अगदी स्थिर उभा राहिला. इतकं स्थिर काही तिने कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

"पुढचा, तेक्ला."

"कुणी पाठवलं तुम्हाला?"

आत काहीतरी खणकन पडलं.

"...सिन्योरा?"

"वकिलाने पाठवलं?"

"कुठल्या वकिलाने?"

"वही बाहेर द्या."

फळ्यांच्या फटीतून काळी वही आली, तिच्यामागे धुळीने माखलेली दोन बोटं. लाविनियाने पानं उलटली. गावाचं नाव, तारीख, सकाळी सात, एकोणीस अंश. दुपारी बारा, चोवीस अंश. पानोपानी तेच. ऊन वाढलं की सूर चढतात, म्हणून नोंद ठेवावी लागते, फटीतून दबका आवाज म्हणाला. मुलांचं नाव कुठे नव्हतं. ओरडण्याची वेळ नव्हती. फक्त पहिल्या गावाच्या पानावर खाली बारीक अक्षरात: 'निळी गाडी. फ्रीज किंचित उतरलेला. ती हसते वरच्या पट्टीत.'

ती हसली होती? केव्हा बरं... पुरावा होता खरा. कोर्टात चालण्यासारखा नव्हता, एवढंच.

"माझ्याबद्दल कोर्टात लिहून दिलंय, की मी अस्थिर आहे," ती वहीकडे बघत म्हणाली.

"ऐकून लिहिलंय, की न ऐकताच?"

तिने वही मिटली. पण परत दिली नाही.

"इथला सण होऊन गेलाय म्हणे."

"...हो. पण हा रस्ता जरा सोयीचा पडतो."

"पेत्रेल्लाचे फादर चिडलेत."

"ते तसे चिडकेच आहेत." मग जरा थांबून, "पण सिन्योरा, तुम्ही तर पेत्रेल्लालाच जाणार होतात. गाडी उलटीकडे वळली, म्हणून वाटलं, काहीतरी विसरून परत याल."

"एलिओची सँडल राहिली होती इथे."

"मिळाली?"

"शोधतेय."

"ऑर्गनमध्ये?"

तिने ओठ आवळले, पण हसू सुटलंच. वरच्या पट्टीत. आतली टकटक थांबली. फळी सरकली आणि जळमटांनी भरलेलं ते डोकं बाहेर आलं. चष्मा तिरका, कान लाल. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, मग पट्ट्यांकडे, मग तेक्लाकडे, जणू काही बोलायचं ते तिनेच बोलावं. तेक्ला छताकडे बघत होती.

एवढ्यात जिन्यात पावलं वाजली. आधी एलिओ वर आला, मागून धापा टाकत इडाबाई. एलिओच्या पायांत दोन सँडल होत्या, डावी आणि उजवी, व्यवस्थित बंद लावलेल्या. त्याने सगळ्यांकडे एकेकदा बघून घेतलं. मोठ्या माणसांना कंटाळलेल्या सहा वर्षांच्या मुलाने सोडावा तसा उसासा सोडला.

"आई, सँडल गाडीतच होती. तूच ती बाकाखाली ठेवलीस, मी बघितलं. तो तुझ्यामागे येतो, आणि तू त्याला सापडेल अशीच गाडी लावतेस. सगळ्यांना माहीत आहे... आता आपण एकाच गाडीने पेत्रेल्लाला जाऊ या का?"